मेचा चौथा शनिवार आणि घरातली मुलं

ताई, आम्ही अमरावतीला राहतो. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी तीनची. हे बँकेत आहेत, म्हणजे रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार एवढीच सुट्टी. मी घरूनच एका फर्मचे हिशेब बघते. सोमवार ते शुक्रवार सासूबाई मुलांकडे पाहतात, म्हणून शनिवार-रविवारची जबाबदारी पूर्ण माझी, असं मीच ठरवून घेतलं आहे. यंदा फ्लॅटचा हप्ता सुरू झाला, त्यामुळे सुट्टीत कुठं जायचं नाही असं ठरलं. चिखलदऱ्याचा विचार केला होता, पण मेमधले हॉटेलांचे भाव ऐकून गप्प बसलो. तिकडे जाऊबाई मनालीहून रोज फोटो टाकतात. परवा मुलानं विचारलं, "आई, आपण कुठं जाणार?" मला उत्तरच सुचलं नाही. मागच्या सुट्टीच्या शनिवारी मी इंटरनेटवरून "उन्हाळ्यात मुलांसाठी 50 उपक्रम" अशी यादी काढली आणि तासातासाचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. साडेदहापर्यंत सगळं संपलं. मुलीनं रंग भिंतीला फासले, मुलगा "बोर होते" म्हणत लोळत राहिला, बाहेर 44 डिग्री. शेवटी दोघांच्या हातात मोबाईल दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे झोपले होते. त्यांना एकच सुट्टी मिळते म्हणून मी उठवत नाही. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी कोण कुठं जात होतं?" पण शाळा उघडल्यावर बाई विचारतील, सुट्टीत काय केलं, तेव्हा हा काय सांगेल? आमची मुलं काही गमावताहेत का?

ता. क. येत्या चौथ्या शनिवारी नणंद तिच्या दोन मुलांना घेऊन दोन दिवस राहायला येऊ का, असं विचारते आहे. हो म्हणू की काही कारण सांगू?

— एक आई, अमरावती

तुमचं पत्र वाचताना मी त्यात मुलांची तक्रार शोधत होते. सापडली ती एवढीच: मुलानं एक प्रश्न विचारला आणि एकदा "बोर होते" म्हणाला. बाकी पत्रभर मनाली आहे, फ्रिजवरचा कागद आहे, शाळेतल्या बाई आहेत आणि तुम्ही आहात. तीन वर्षांच्या मुलीला तर अख्खी भिंत रंगवायला मिळाली. तिचा शनिवार चांगलाच गेला म्हणायचा.

आधी मुलाच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाका, कारण तो बिचारा अजून वाट बघत असेल. त्यानं टोमणा मारलेला नाही, त्याला माहिती हवी आहे. "या सुट्टीत आपण घरीच आहोत. आपण नवं घर घेतलं ना, त्याचे पैसे भरायचे आहेत. पाऊस लागला की एका रविवारी चिखलदऱ्याला जाऊन येऊ." एवढं सांगायला अर्धा मिनिट लागतो. सहा वर्षांच्या मुलाला हप्त्याचा हिशेब कळला नाही तरी "यंदा नाही" हे नीट कळतं, फक्त ते सांगताना आपला चेहरा सुतकी नको. आणि चिखलदऱ्याचं नाव खरंच जायचं असेल तरच घ्या. तुमच्यापासून 80-85 किलोमीटरवर आहे, सकाळी लवकर निघालं तर मुक्कामाशिवाय होतं. पावसाळ्यातलं धुकं मुलांना मेमधल्या गर्दीपेक्षा जास्त आवडेल, हा माझा पूर्वग्रह समजा.

आता ती 50 उपक्रमांची यादी. अशा याद्या मीही बघते. त्यात हिरवळीवर फवारे सोडून नाचायचं असतं, अंगणात दुपारचं जेवण मांडायचं असतं, फुटपाथवर खडूनं चित्रं काढायची असतात. आठ-आठ महिने उन्हाची वाट बघणाऱ्या देशांतल्या लोकांनी ती केलेली असते. त्यांचा उन्हाळा बाहेर पडण्याचा आणि आपला आत बसण्याचा. सपाट प्रदेशात पारा 40 च्या पुढं गेला की हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करू लागतं आणि तुमच्याकडे 44 ला लोक "आज जरा बरंय" म्हणतात. ती यादी अमरावतीला चालली नाही यात तुमचा काय दोष?

तुमचं वेळापत्रक साडेदहाला कोसळलं म्हणता, म्हणजे नऊच्या सुमारास सुरू झालं असणार. मेच्या शेवटी अमरावतीत पावणेसहाच्या आतच सूर्य उगवतो. नऊ वाजता मुलांच्या हातातला चांगला वेळ संपत आलेला असतो, उरते ती दुपार. विदर्भातल्या उन्हाळ्यातल्या दिवसाला दोनच टोकं असतात: उजाडल्यापासून साडेआठ-नऊपर्यंतचं आणि ऊन उतरल्यावर साडेसहापासून झोपेपर्यंतचं. खेळ, पळापळ, पाणी, माती, आरडाओरडा सगळं या दोन टोकांना. मधल्या वेळेत काही "करायचं" नसतं, ती फक्त काढायची असते. तुमची सगळी मेहनत नेमकी त्या मधल्या तासांवर खर्च झाली.

सकाळचं टोक स्वस्त आणि सोपं आहे. सहाला मुलं वडाळीच्या बाजूला, नाहीतर छत्री तलावाकडे गेली की दीड-दोन तास कुठं जातात कळत नाही. तलावाचं पाणी आटलेलं असलं तरी मुलांना चालतं. उघडी पडलेली भेगाळ माती, बगळे, कुणाची तरी बकरी, एवढं त्यांना पुरतं. वडाळीचं बांबू उद्यान अजून दाखवलं नसेल तर दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलं त्यात तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसात निदान 180 मिनिटं हालचाल करावी असं आहे. तीन तास ऐकून घाबरू नका. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास, झाले.

बाहेर जायचं नसेल त्या सकाळी गॅलरीत एक टप ठेवा. नळ एक दिवसाआड येत असेल तर एक बादली पाणी पुरे. प्लास्टिकचे डबे, चहाची जुनी गाळणी, चमचे, खेळण्यातली भांडी द्या आणि "हे सगळं घासून द्या" म्हणून काम सांगा. खेळ म्हणून दिलेल्या गोष्टीला मुलं दहा मिनिटांत कंटाळतात, काम म्हणून दिलेलं तासभर चालतं, हे तुम्ही पाहिलं असेलच. उरलेलं पाणी कुंड्यांना. टपात बोटभर पाणी असलं तरी तीन वर्षांच्या मुलीला तिथं एकटं सोडायचं नाही. फोन वाजला, कुकरची शिट्टी झाली, तरी आधी तिला उचलायचं, मग जायचं. आणि खेळ संपला की टप उपडा.

पक्ष्यांसाठी पाणी ठेवण्याचं काम मुलाकडे कायमचं द्या. मातीचं पसरट भांडं, सावलीत, रोज सकाळी घासून नवं पाणी. "रोज" यावर जोर द्या, कारण डेंग्यू पसरवणारे डास असल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतात आणि उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आधी कोण येतं याची त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंद ठेवावी. बहुतेक बुलबुल किंवा साळुंकी येईल. पहाटे कोकिळ ओरडत असेल तर त्याला सांगा, ही "कुहू" करणारी मादी नाही, नर आहे, आणि त्याची बायको आपली अंडी गुपचूप कावळ्याच्या घरट्यात घालते. सहा वर्षांच्या मुलांना फसवाफसवीच्या गोष्टी भयंकर आवडतात.

सासूबाईंना हौस असेल तर एका सकाळी साबुदाण्याच्या पापड्या घाला. साबुदाणा रात्री भिजत टाकायचा, पहाटे शिजवायचा, थोडा निवला की गच्चीवर प्लास्टिक अंथरून चमच्याचमच्यानं सोडायचा. मुलाच्या पापड्या गोल येणार नाहीत आणि मुलगी चिकात हात घालणार, हे धरून चला. नऊला खाली यायचं, दुपारी साडेचारनंतर राखणीला पुन्हा एक फेरी. अर्धवट वाळलेली, मधोमध मऊ पापडी पळवून खाणं हा या कामाचा खरा मोबदला असतो, तेव्हा तिथं शिस्त आणू नका. मात्र "हौस असेल तर" हे मी उगीच म्हटलेलं नाही. पाच दिवस दोन मुलांच्या मागं धावल्यावर त्यांनाही शनिवार-रविवार हवा असतो. त्यांना देवळात जायचं असेल, मैत्रिणीकडे बसायचं असेल, तर पापड्या राहू द्या.

आता दुपार. बारा ते साडेचार घराबाहेर पाऊल नाही. हे मुलांना रोज समजावत बसू नका, घराचा नियम म्हणून एकदाच सांगा. अकरालाच पडदे ओढायचे, खोलीत अंधार करायचा, कूलर लावायचा. तुमच्याकडची हवा कोरडी म्हणून कूलरचं काम चालतं, पण गार हवा आत यायची तर समोरची खिडकी फूटभर उघडी हवी. सगळं घट्ट बंद केलं की खोलीत नुसती दमट घुसमट होते आणि मुलं किरकिरी होतात. दरवर्षी विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, म्हणून एवढं लिहितेच: पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढायचा, पत्र्याच्या कूलरला अर्थिंग आहे की नाही ते एकदा इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्यायचं आणि कूलरच्या टाकीत हात घालणं हा खेळ होऊ द्यायचा नाही. जाळीतून येणारं थंड पाणी मुलांना फार खुणावतं.

जेवण साडेअकराला उरकावं. साधं. ताक-भात, आमरस-पोळी, वर कैरीचा टक्कू. पन्हं करायचं असेल तर कैऱ्या आदल्या रात्री उकडून ठेवा आणि सकाळी गर काढायचं काम मुलीला द्या. स्वच्छ धुतलेल्या हातांनी ती तो चिवडत बसेल. कैरी किती आंबट त्यावर गूळ, थोडी वेलची, चिमूटभर मीठ, संपलं.

जेवणानंतर मुलगी झोपेल. तिच्या वयाला दिवसभरात, दुपारची धरून, 10 ते 13 तास झोप लागते, आणि मेमध्ये रात्री उकाड्यानं मुलं उशिरा झोपत असतील तर दुपारची झोप मोडू नये. मुलगा झोपणार नाही. त्याला झोपवायच्या भानगडीत पडूच नका. "आता सगळे आडवे. तुला झोप नाही आली तरी चालेल, पण आवाज नाही." मग तो काय करेल ते करो. चादरीचा तंबू करेल, दिवाणाखाली जाऊन बसेल, पत्त्यांचा बंगला करेल, पंख्याकडे बघत पडेल. आणि हो, "बोर होते" म्हणेल. म्हणू द्या. "होतं असं दुपारी" एवढंच म्हणा आणि कूस बदला. पहिल्या दोन-तीन दुपारी तो तुमची परीक्षा बघेल, कारण आतापर्यंत बोर झालं की आई काहीतरी काढून देते असा त्याचा अनुभव आहे. तुम्ही काही काढलं नाहीत की तो स्वतः काढतो. माझ्या मते उन्हाळ्याच्या सुट्टीतला महत्त्वाचा अभ्यासक्रम हाच, आणि त्याला शिबिराची फी लागत नाही.

चारच्या सुमारास सगळे उठले की पत्ते. सहा वर्षांच्या मुलाला बदाम सात येतं. सातच्या वर काय, खाली काय, हे शोधताना आकडे आपोआप पक्के होतात. भिकार-सावकारला तर काहीच यावं लागत नाही, नुसतं नशीब, म्हणून तो आई-बाबांना हरवू शकतो. मुलीला वेगळा जुना कॅट द्या, नाहीतर ती डावातला बदाम राजा घेऊन पळेल. चिंचोके फोडून अष्टचम्मा मांडायला सासूबाई शिकवतील, पण चिंचोके आणि कवड्या खेळ संपल्यावर मोजून डब्यात आणि डबा उंचावर. तीन वर्षांच्या तोंडात काहीही जातं.

मोबाईलबद्दल तुम्ही गुन्हा कबूल केल्यासारखं लिहिलं आहे. एक दुपार मोबाईल दिला म्हणून मुलं बिघडत नाहीत. पण रोज दुपार त्याच्यावर काढायची सवय लागली तर ती मोडणं कठीण, म्हणून वेळ आधीच बांधून घ्या. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2021 साली सांगितल्याप्रमाणे दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांपेक्षा कमी. मी म्हणेन, सुट्टीच्या दिवशी साडेपाच ते साडेसहा एक तास, टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर, दोघांनी मिळून, तुम्ही तिथं चहा पीत बसलेल्या. हातातला वेगवेगळा मोबाईल नको. साडेसहाला ऊन उतरतं आणि बाहेरून हाका येतात, त्यामुळे पडदा बंद करायला फार भांडावं लागत नाही. दुपारी जेवणानंतर लावला की तो चारपर्यंत चालतो, हे तुम्ही अनुभवलंच आहे.

उन्हाच्या त्रासाबद्दल थोडक्यात, कारण तुमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं पण धांदलीत विसरतं. मूल पाणी मागेल याची वाट बघायची नाही, दर तासाला स्वतःहून द्यायचं. लघवी गडद पिवळी झाली, पाच-सहा तास झालीच नाही, मूल मलूल पडलं, उलट्या होताहेत, अंग तापलंय आणि मूल बरळतंय किंवा नीट जागं राहत नाही, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठायचा. ओआरएसची एक लिटरची पूर्ण पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम मिसळायची, अर्धी-अर्धी नाही. केलेलं पाणी 24 तासांनी फेकायचं. घरी पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. दुकानात खोक्यातून मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

शनिवारी नाहीतर रविवारी दुपारी सव्वाबाराला मात्र मुलाला दोन मिनिटं गॅलरीत न्या. 24-25 मेच्या आसपास अमरावतीत सूर्य भर माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. स्टीलचा उंच पेला उपडा ठेवून बघायचा. सावली शोधून सापडत नाही. एक-दोन दिवस इकडेतिकडे झालं तरी ती इतकी तोकडी असते की मुलांना फरक कळत नाही. सूर्याकडे वर बघायचं नाही, खाली पेल्याकडे बघायचं. हेच पुन्हा जुलैच्या मध्यानंतर एकदा होतं, पण तेव्हा ढग असतात. म्हणजे जुलैत जे सहसा दिसायचं नाही ते भर नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, तोंडावर घरबसल्या दिसतंय, आणि तेही मनालीत मुळीच दिसत नाही. तो भूभाग कर्कवृत्ताच्या फार उत्तरेला, तिथं सूर्य कधीच थेट डोक्यावर येत नाही. जाऊबाईंना हे कळवायचा मोह होईल. आवरा.

संध्याकाळचं टोक गच्चीवर काढा. ऊन गेलं की बादलीभर पाणी शिंपडायचं. पहिलं पाणी चर्रकन वाफ होऊन जातं, मुलांना तेवढ्यासाठीही बोलवावं. रात्री नऊला सतरंजी टाकून आडवं व्हायचं. उत्तरेला उंच सप्तर्षी दिसतील. मुलाला चौकोनाचे बाहेरच्या बाजूचे दोन तारे दाखवा आणि ती रेघ तशीच पुढं न्यायला सांगा, म्हणजे ध्रुव सापडतो. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण 10 अंश झाकते. अमरावतीत ध्रुव क्षितिजापासून साधारण 21 अंशांवर, म्हणजे दोन मुठी. दोन मुठी मोजून तारा सापडला की मुलं अक्षरशः किंचाळतात. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून बारीक अरुंधती. ती कोणाला दिसते यावर घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांची तपासणी होऊन जाते. आग्नेयेला वृश्चिक वर येत असेल, त्यातला तांबूस तारा ज्येष्ठा. मुलीला यातलं काही दिसलं नाही तरी चालेल, ती तोवर झोपलेली असेल. कठडा कंबरेच्या खाली असेल तर गाद्या मध्यभागी घाला आणि मच्छरदाणी विसरू नका.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटलं असेल, पन्नासच्या जागी ताईंनी नवी यादी दिली. यातलं एका शनिवार-रविवारी दोन गोष्टी झाल्या तरी खूप. एकही नाही झाली, मुलं सकाळी उंडारून आली आणि दुपारी लोळली, तरी काही बिघडत नाही. खरी अडचण मला वेगळीच दिसते, आणि ती तुम्ही तीन शब्दांत उरकली आहे: "हे झोपले होते."

हिशेबाचं काम तुम्हीच करता, तर हा हिशेब मांडा. बँकेला महिन्याला चार रविवार आणि दोन शनिवार, म्हणजे यजमानांना सहा दिवस तरी सुट्टी. तुम्ही सोमवार ते शुक्रवार काम करता आणि उरलेले सगळे शनिवार-रविवार मुलांचे. तुमच्या रकान्यात किती दिवस पडले? त्या दिवशी स्वयंपाकघरात रडायला आलं ते मुलांचं बालपण वाया चाललं म्हणून नव्हे. घरात दोन मोठी माणसं असताना साडेदहाला एकट्यानं दोन मुलं सांभाळून तुम्ही थकला होता.

यजमान वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना कुणी उठवलंच नाही, तर ते उठतील कसे? "मीच ठरवून घेतलं आहे" असं तुम्ही लिहिता, म्हणजे मोडूही तुम्हीच शकता. गुरुवारी-शुक्रवारी चहाच्या वेळी, भांडण नसताना, सरळ सांगा: "सुट्टीच्या दोन्ही सकाळी सहा ते नऊ मुलं तुमची." "जरा बघत जा" असं मोघम नको, वेळ आणि काम नेमकं हवं. बाहेर न्यायचं का घरात खेळवायचं ते त्यांनी ठरवावं. तुम्ही बाटल्या भरून, टोप्या काढून, खाऊचा डबा बांधून देऊ नका. डबा विसरला तर मुलं भुकेली येतील आणि पुढच्या वेळी बाबा डबा घेतील. मुलगी उलटा फ्रॉक घालून वडाळीला गेली तर तिला बघून कुणी पोलिसांना फोन करत नाही. तुम्ही झोपा. झोप येत नसेल तर एकट्यानं चहा प्या, पेपर वाचा, नुसत्या बसा. स्वयंपाकघरात शिरून "तेवढ्यात डाळ लावून घेते" हे मात्र नको.

त्यांची झोपही बुडत नाही. दुपारी एक ते चार अंधाऱ्या, गार खोलीत सगळं घर आडवं असतं, तेव्हा त्यांनी हवं तितकं झोपावं. पहिल्या आठवड्यात ते पावणेसातला उठतील आणि मुलांना टीव्हीसमोर बसवतील अशी शक्यता आहे. तेव्हा लगेच उठून सगळं हातात घेऊ नका. दुसऱ्या आठवड्यात मुलगाच त्यांना सहाला हलवेल, कारण सकाळी बाबांबरोबर बाहेर जाणं ही गोष्ट एकदा चाखली की मुलं ती सोडत नाहीत.

शाळेतल्या बाईंचं म्हणाल, तर विदर्भातल्या शाळा उघडायला जूनची अखेर येते. तोवर या मुलाला काय काय आठवायला लागेल याची कल्पना आत्ता करू नका. पहिलीतली मुलं वर्गात गंभीरपणे सांगतात ते पालकांना वाटतं तसं नसतंच. मनालीला गेलेला मुलगा बहुतेक हॉटेलच्या लिफ्टबद्दल सांगेल. आणि जाऊबाईंचे फोटो महिनाभर म्यूट करा. त्या काही वाईट हेतूनं टाकत नाहीत, पण तुम्ही ते दिवसातून किती वेळा उघडता ते तुम्हालाच माहीत.

सासूबाई म्हणतात ते अर्धं खरं आहे. त्यांच्या वेळी कोणी थंड हवेच्या ठिकाणी जात नव्हतं, पण मामाच्या गावाला जात होतं, नाहीतर मामाची मुलं इकडं येत होती. घरात आठ-दहा पोरं असायची, म्हणून आईला एकेकाचं मनोरंजन करावं लागत नव्हतं. ती आपसात खेळत, भांडत, परत खेळत. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोनच मुलं, त्यांत तीन वर्षांचं अंतर, मग सगळा भार आईवर येतो.

म्हणून ताज्या कलमाचं उत्तर: हो म्हणा. आजच कळवा, कारण सांगत बसू नका. दोन मुलांपेक्षा चार मुलं सांभाळायला सोपी जातात, फक्त पहिला अर्धा तास खेळण्यांवरून मारामारी होते. तेव्हा मध्ये पडू नका. जेवणाचा मोठा घाट घालू नका: शनिवारी आमरस, तळलेल्या कुरडया आणि पोळ्या, पोळ्या बाहेरून आणलेल्या. रविवारी सकाळी पोहे. नणंदेला पहिल्याच फोनवर सांगा की सकाळी सहा ते नऊ चारही मुलं दादाकडे असतात. ती हसेल, आणि तिचा नवरा सोबत येणार असेल तर त्यालाही दादाबरोबर पाठवेल. गाद्या कमी पडतील, तर येताना दोन सतरंज्या आणायला सांगा. आणि गच्चीवर झोपायचं असेल तर किल्लीचं सोसायटीच्या सेक्रेटरींना शुक्रवारीच सांगून ठेवा. शनिवारी रात्री दहाला ते फोन उचलत नाहीत.